फॅटी लिव्हर: पाळी थांबल्यावर काय बदलतं?

‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असा सोनोग्राफीचा रिपोर्ट तुमच्याही घरात कुणाचा तरी आला असेल. माझ्या आईचा आला तेव्हा ती म्हणाली, “अगं, मी दारूला कधी हातही लावला नाही!”

पण यकृतात चरबी साठायला दारूच लागते असं नाही. ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब दिसले की ते फॅटी लिव्हर. दारूशिवाय होणाऱ्या या आजाराचा संबंध वाढलेला पोटाचा घेर, मधुमेह अशा गोष्टींशी, म्हणजे चयापचयाशी आहे. म्हणूनच २०२३ मध्ये त्याचं नाव बदलून ‘एमएएसएलडी’ झालं.

आता गंमत बघा. पन्नाशीपर्यंत हा आजार बायकांपेक्षा पुरुषांत जास्त दिसतो. पाळी थांबली की हा फरक कमी होत जातो. एवढंच नाही, आजार झालेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांत यकृतावर व्रण पडण्याचा, म्हणजे फायब्रोसिसचा धोका पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

असं का? कारण इस्ट्रोजेन तीन कामं करत असतं. चरबी पोटात न साठवता मांड्या-नितंबांकडे वळवणं, यकृतात साखरेपासून नवी चरबी बनण्याला लगाम घालणं आणि व्रण तयार करणाऱ्या ‘स्टेलेट’ पेशींना आवरणं. पाळी गेली की ही तिन्ही संरक्षणं सैल पडतात.

तुम्ही म्हणाल, हा नुसता वयाचा परिणाम कशावरून नाही? वयाचा वाटा आहेच. पण तरुण उंदरिणींची अंडाशयं काढली तरी त्यांच्या यकृतात चरबी वाढते आणि इस्ट्रोजेन परत दिलं की कमी होते. माणसांतही स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनची वाट अडवणारं औषध घेणाऱ्या अनेकींना फॅटी लिव्हर होतं.

टेस्टोस्टेरॉनचं गणित मात्र उलटसुलट आहे. पुरुषांत ते कमी असेल, तर फॅटी लिव्हर जास्त दिसतं. स्त्रियांत ते जास्त असेल, उदाहरणार्थ पीसीओएसमध्ये, तरीही धोका वाढतो. त्यामुळे पीसीओएस असलेल्या तरुणींनी ‘आपलं वय कुठे झालंय’ म्हणून निर्धास्त राहू नये.

याचा अर्थ यकृतासाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू करा, असा अजिबात नाही. त्या कुणी घ्यायच्या हा वेगळा निर्णय आहे आणि तो डॉक्टरांचा.

तुम्ही एवढं करा: सोनोग्राफीतला ‘ग्रेड’ चरबी किती ते सांगतो, व्रण किती ते नाही. त्यासाठी डॉक्टरांना ‘फिब-४’ विचारा. वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट्स एवढ्या चार आकड्यांवरून तो काढता येतो. शंका आली तर फायब्रोस्कॅन. वजन जास्त असेल, तर ७ ते १० टक्के उतरवल्याने यकृताची सूज कमी होऊ शकते.

आईचा जुना रक्ताचा रिपोर्ट कपाटात असेलच. आज तो बाहेर काढा. ‘ग्रेड १ तर आहे’ म्हणून तो रिपोर्ट परत कपाटात जाऊ नये, म्हणून हे सगळं लिहिलं.