सैल सांधा

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ भूकंपाने हादरला. दूरध्वनी बंद पडले. तेव्हा हौशी रेडिओचालकांनी आपल्या संचांवरून संदेशांची ने-आण केली. असा संच ऐन वेळी मुका होतो, तेव्हा दोष पुष्कळदा संचात नसून वीज आणणाऱ्या तारेच्या सांध्यात असतो.

१०० वॅटचा संच ऐकताना सुमारे १ अँपिअर प्रवाह घेतो. संदेश पाठविताना मात्र सुमारे २० अँपिअर. गंजलेल्या वा सैल सांध्यात ०.१ ओहम रोध उत्पन्न झाला, तर ऐकताना अवघा ०.१ व्होल्ट दाब घटतो. तो ध्यानातही येत नाही. बोलू लागताच मात्र २ व्होल्ट घटतात. १३.८ व्होल्टचे ११.८ उरतात, आवाज तुटू लागतो, सांधा तापतो.

म्हणून जाणता चालक संदेश पाठवीत असतानाच तारेच्या दोन्ही टोकांशी दाब मोजतो. दोन मापांत मोठे अंतर आढळले, की दोष मधल्या तारेत, फ्यूजपाशी वा सांध्यात आहे, हे उघड होते. मग वीजपुरवठा बंद करून तो गंज घासून काढतो, सैल टोकास नव्याने डाक देतो आणि पुन्हा दाब मोजतो. संकटकाळी दुरून येणारी हाक अशा लहानशा सांध्यावरच अवलंबून असते.