‘काळजी’ आवरेनाशी होते तेव्हा : चिंताविकारावरील संवादोपचारांची तुलना

मराठीत काळजी केलीही जाते आणि घेतलीही जाते. दोन्ही क्रियांना नाम एकच. त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या अभियंत्याला मनापासून वाटते, की आपण काळजी करणे सोडले तर पुण्यातल्या आईवडिलांना आपण मनातून काढून टाकल्यासारखेच होईल. रात्री अडीच वाजता भारतातली वेळ मोजत जागणे हा त्याच्या लेखी आजार नसतो, कर्तव्य असते.

वैद्यकशास्त्र रेषा वेगळ्या ठिकाणी आखते. किमान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक विषयांवरची आवरता न येणारी चिंता आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, थकवा, चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, स्नायूंचा ताण, झोपमोड यांपैकी निदान तीन लक्षणे असतील, आणि त्यांमुळे रोजचे जगणे विस्कटत असेल, तर तो सार्वत्रिक चिंताविकार ठरतो. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाने ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांची चिंताविकारासाठी चाचपणी करावी अशी शिफारस केली. फॅमिली डॉक्टरकडे ‘गॅड-७’ ही सात प्रश्नांची यादी हाती पडते ती याचसाठी. २१ पैकी १० किंवा अधिक गुण म्हणजे निदान नव्हे. पुढे तपासून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

त्यानंतर प्रश्न येतो निवडीचा. सर्वाधिक पुरावा आहे तो ‘सीबीटी’ या बोधात्मक वर्तनोपचाराच्या बाजूने. फिलाडेल्फियात अ‍ॅरन बेक यांनी तो घडवला. त्याआधी, १९५५ पासून, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी सुरू केली होती. कि. मो. फडके यांच्यामुळे एलिस महाराष्ट्राला परके राहिलेले नाहीत. २०२३ मध्ये ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ने ६५ चाचण्या आणि ५,०४८ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सीबीटी, स्वीकार व सजगतेवर भर देणारे तिचे नवे प्रकार आणि शिथिलीकरण या तिन्हींचा लाभ दिसला. उपचार संपल्यावर तीन ते बारा महिन्यांनीही तो टिकल्याचे केवळ सीबीटीबाबत दिसले.

मात्र सीबीटी म्हणजे ‘सकारात्मक विचार करा’ हा उपदेश नव्हे. एच-वन-बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेली, तर त्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात. ही भीती हा विचारदोष आहे असे सांगणारा उपचारक कुचकामी. जाणता उपचारक चिंतेचे दोन भाग करतो. वकिलाला कधी भेटायचे, शिल्लक किती महिने पुरेल हा सोडवता येणारा भाग कागदावर उतरतो. ‘मुलांची शाळा सुटली तर, परत गेल्यावर जमलेच नाही तर’ या साखळीवर मात्र वेगळे काम होते. तिथे मुद्दा अनिश्चितता सोसण्याचा असतो, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत दशक घालवलेल्याला ती सोसणे अवघडच.

मँचेस्टरचे एड्रियन वेल्स यांची अधिबोधात्मक पद्धती चिंतेच्या विषयात शिरतच नाही. ती विचारते : काळजी करण्याबद्दल तुमचा समज काय? काळजी केल्याने अनिष्ट टळते, काळजी हेच प्रेम, हे समज ती तपासायला लावते. मराठी मनाची नेमकी हीच गाठ असावी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील चाचणीत या पद्धतीने ६५ टक्के, तर सीबीटीने ३८ टक्के रुग्ण बरे झाले. पण दोन्ही गट मिळून रुग्ण साठच्या आसपासच होते. शिवाय अमेरिकेत ही पद्धती जाणणारे उपचारक शोधावे लागतात.

मॅसॅच्युसेट्समध्ये १९७९ साली सुरू झालेला सजगतेचा आठ आठवड्यांचा वर्ग हा आणखी एक मार्ग. निरनिराळे चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांवरील २०२२ च्या चाचणीत तो एस्सिटालोप्राम या औषधापेक्षा कमी ठरला नाही. इगतपुरीचे शिबिर केलेल्यांना त्यातले बरेच ओळखीचे वाटेल. अट एकच, रोज पाऊण तास घरी सराव. बालपण आणि नातेसंबंध उलगडणाऱ्या मनोगतिक उपचारानेही चिंता कमी होते. २००९ च्या एका जर्मन चाचणीत मात्र सततची काळजी आटोक्यात आणण्यात सीबीटी सरस ठरली.

व्यवहाराच्या गोष्टी थोड्या रुक्ष आहेत. उपचारकाचा परवाना राज्यागणिक असतो. रुग्ण ज्या राज्यात बसून बोलतो, तिथे काम करण्याची मुभा उपचारकाला लागते. टेक्साससारख्या दुसऱ्या राज्यात बदली झाल्यास हे आधी विचारावे. अनेक कंपन्या कर्मचारी साहाय्य योजनेतून काही भेटी विनामूल्य देतात. राहिली ग्रीन कार्डाची धास्ती. कायदा पाहतो तो मानसिक विकाराशी निगडित धोकादायक वर्तन. केवळ चिंतेवर उपचार घेतल्याने अर्ज अपात्र ठरत नाही.

पहिल्याच फोनवर उपचारकाला तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या पद्धतीने काम करता, दोन भेटींच्या मध्ये घरी काय करावे लागेल, आणि ‘गॅड-७’ पुन्हा कधी भरून घ्याल?