ओल्या फडक्यांची पिशवी

स्वयंपाकघरात दिवसाकाठी किती फडकी ओली होतात याचा हिशेब आपण सहसा ठेवीत नाही. हात पुसायचे एक, ताटवाट्या पुसायचे दुसरे, ओटा पुसायचे तिसरे, आणि शेगडीवरून भांडे उतरवायचे मसोते ते निराळेच. खेड्यात परसदारी दोरी असते. फडके धुतले, पिळले आणि टाकले दोरीवर. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांतल्या बिऱ्हाडाला परसदार कुठून असणार? पाणीही बहुतेक वस्त्यांत ठरल्या वेळीच येते. संध्याकाळी भिजलेली फडकी मग दुसऱ्या सकाळपर्यंत मोरीच्या कोपऱ्यात पडून राहतात, नाहीतर इतर कपड्यांच्या बादलीत जातात आणि मुलांच्या शाळेच्या सदऱ्यांना हळद-तेलाचे डाग लावून मोकळी होतात! कोकणपट्टीतल्या गावांची आषाढ-श्रावणात वेगळी स्थिती नसते म्हणा. परसदार आहे, पण ऊन नाही.

हा केवळ वासाचा प्रश्न नव्हे. मॉरिशस बेटावर आपली मराठी माणसेही पुष्कळ आहेत. तेथील विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेली १०० स्वयंपाकघरातली फडकी तपासली. त्यांतल्या ४९ फडक्यांत जंतूंची वाढ झालेली आढळली, आणि कोरड्यापेक्षा ओलसर फडक्यांत आतड्यातल्या जातीचे जंतू जास्त. हे निष्कर्ष २०१८ साली जाहीर झाले. एकच फडके हाताला, ओट्याला आणि भांड्याला वापरणाऱ्या घरांनी याची विशेष नोंद घ्यावी.

पूर्वी खिडकीच्या कडीला प्लॅस्टिकची पातळ पिशवी अडकवून तीत ओली फडकी कोंबण्याची रीत पडली होती. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठी नदी वस्तीत शिरली, आणि गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्या सगळ्यांच्या डोळ्यांवर आल्या. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात अशा पिशव्यांना बंदी झाली. तेव्हा धुऊन पुन्हापुन्हा वापरता येईल अशी, ओल बाहेर न सोडणारी पिशवी घरीच शिवलेली बरी. ज्यांनी आजवर उशीचा अभ्रासुद्धा शिवलेला नाही त्यांनाही ती जमेल. मात्र एक गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे.

साध्या कापडात सुई शिरली आणि निघाली, की धागे पुन्हा जवळ येतात. पाणी न शिरणाऱ्या कापडाचे तसे नाही. त्याच्यावर रबराचा किंवा तशाच एखाद्या पदार्थाचा थर दिलेला असतो, आणि त्या थराला पडलेले भोक कायमचे. चार्ल्स मॅकिंटॉश याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून १८२३ साली आपल्या कापडाचे पेटंट घेतले. पण शिंप्यांनी नेहमीच्या सवयीने त्याचे कोट शिवले, आणि पाऊस नेमका शिवणीतून आत येऊ लागला! म्हणजे कापड चांगले असून भागत नाही. टाका जितका कमी, तितकी पिशवी पक्की.

कापड कोणते घ्यावे? टेबलावर अंथरायचे मेणकापड सहज मिळते. पण ते ताठ असते, घडीवर तडकते, आणि नवशिक्याला उलटवता येत नाही. मोडक्या छत्रीचे किंवा जुन्या रेनकोटचे कापड हलके, लवकर वाळणारे, फुकटचेही! छत्रीचे तुकडे त्रिकोणी असल्याने पिशवी लहान होते, आणि थर झिजला असेल तर ओल पाझरते, एवढेच. सगळ्यांत उत्तम म्हणजे तान्ह्या बाळाच्या धुवायच्या लंगोटांना वापरतात ते, एका बाजूने पॉलियुरेथेनचा थर दिलेले मऊ कापड. ते वारंवार धुणे सोसते. पहिल्या पिशवीला मात्र छत्रीचे कापडच घ्यावे असे माझे मत आहे. बिघडले तरी जीव हळहळत नाही.

आता बेतणे. १४ इंच रुंद आणि ३४ इंच लांब अशी एक सलग पट्टी कापायची. (छत्रीचे कापड असेल तर मिळेल त्या मापाची.) खुणा खडूने किंवा साबणाच्या चिपटीने कराव्यात. ही पट्टी मधोमध दुमडली की खालची बाजू घडीचीच राहते, तिथे शिवण येतच नाही. पाणी साठते ते तळाशी, आणि तळाला भोक नाही. सगळी युक्ती या घडीत आहे. दोन तुकडे जोडून पिशवी शिवणारे नेमके इथेच फसतात.

आधी नेफा करावा. पट्टीच्या चारही कोपऱ्यांशी बाजूची किनार अर्धा इंच आत घेऊन अडीच इंचांपर्यंत शिवून टाकावी. मग दोन्ही टोके सव्वा-सव्वा इंच आतल्या, म्हणजे थराच्या, चकचकीत बाजूकडे दुमडून एकेक टीप घालावी. थर दिलेल्या कापडाचे धागे फारसे सुटत नाहीत, म्हणून एकदा दुमडले तरी चालते. नंतर चकचकीत बाजू बाहेर राहील अशी पट्टी मधोमध दुमडावी. टाचण्या लावू नयेत. कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत. टाचणीचे भोकही भोकच.

बाजूच्या शिवणी काठापासून अर्धा इंच आत, तळाच्या घडीपासून वर नेफ्याच्या खालपर्यंत. नेफ्यावर चढू नये, नाहीतर नाडीची वाट बंद होते. सुई १४ नंबरची, टोक नवे. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा दिव्याच्या वातीसारखा पाणी ओढून बाहेर आणतो. टाका लांब ठेवावा, इंचाला आठाच्या आसपास. बारीक टाक्यांनी कापड पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखे होऊन फाटते. चकचकीत कापड मशीनच्या पायाखाली अडकते. तसे झाले तर वर-खाली वहीच्या कोऱ्या कागदाची पट्टी धरून शिवावे आणि मग कागद फाडून काढावा. टीप एकच, दुसरी नको. तळाशी मागे-पुढे टाके घेऊन पक्के करण्याचा मोह आवरावा. दोऱ्याची टोके बोटभर लांब सोडून हाताने गाठ मारावी. चुकले तर उसवू नये, थोडे आतून पुन्हा शिवावे. हाताने शिवणाऱ्यांनाही हेच नियम.

पिशवी उलटवली की चकचकीत बाजू आत जाते. सव्वा वार नाडी सेफ्टी पिनेने दोन्ही नेफ्यांतून ओवून टोके गाठावीत. आता परीक्षा. तांब्याभर पाणी ओतून पिशवी बादलीवर दहा मिनिटे टांगा. तळ कोरडा राहिला पाहिजे. बाजूच्या शिवणींच्या खालच्या अंगाला थेंब जमतील. निराश होऊ नका. कोरडी झाल्यावर त्या जागी आतून-बाहेरून मेणबत्ती घासावी, आणि काही धुण्यांनंतर पुन्हा. शिवाय पिशवीत ठेवायचे ते पिळलेले फडके; निथळते नव्हे. पाण्याचा दाब नसला की भोकांतून ओल क्वचितच येते.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करावा. एक पिशवी बारीक टाक्यांची, एक लांब टाक्यांची, एक तळाशी शिवलेली. तिन्हींत सारखेच पाणी ओतून खाली वाट्या ठेवाव्या आणि थेंब मुलांना मोजू द्यावेत. बेतताना १४ इंचांतून दोन्ही बाजूंचा एक इंच गेला, ३४ इंचांतून नेफ्याचे अडीच गेले, मग पिशवी केवढी झाली, हे गणितही त्यातच होते.

एक सावधगिरी. ही पिशवी ओल अडवते, तशी ती आत कोंडतेही. फडके वाळवणे तिला येत नाही. म्हणून नाडी करकचून आवळू नये, तोंड थोडे उघडे ठेवून ती मोरीजवळ टांगावी, आणि आतली फडकी रोजच्या रोज सकाळी पाणी आले की धुवावीत. पावसाळ्यात तर नक्कीच. जवसाच्या तेलाने माखलेले फडके तिच्यात मुळीच कोंबू नये. ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि ढिगात पेटही घेऊ शकते. फडक्यांबरोबर पिशवीही उलटी करून साबणाच्या पाण्यात धुवावी. तिला पिळू नये, इस्त्री दाखवू नये. झटकून, उलटीच, सावलीत वाळत घालावी. एक वाळेपर्यंत दुसरी हाताशी असावी, तेव्हा छत्रीचे उरलेले तुकडे जपून ठेवा.