स्टिकरवर नसलेला आकडा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि बऱ्याच घरांतली, त्याहून जास्त फोटो स्टुडिओंतली जुनी यंत्रं निवृत्तीला आली. सतरा इंची पडदा, सातव्या पिढीचा आय-७ प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स चिप ही लॅपटॉपांतली २०१६-१७ सालची लोकप्रिय जुळणी. दिवसा लग्नाचं एडिटिंग आणि रात्री गेम, अशी दुहेरी ड्युटी या लॅपटॉपांनी आठ-नऊ वर्षं केली. विंडोज ११ला मात्र इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर सातव्या पिढीला अधिकृतपणे दार बंद. यंत्र धडधाकट असूनही ते बदलण्याची वेळ आली आहे.

बदली शोधायला निघालेला माणूस बहुधा २०१६च्याच हिशेबाने निघतो, आणि तिथेच फसतो. त्या साली एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपच्या नावापुढचं ‘एम’ काढून टाकलं आणि त्याला आधारही होता. डेस्कटॉपच्या ६ जीबीवाल्या १०६०मध्ये गणन करणारे गाभे १,२८० होते आणि लॅपटॉपमधल्या १०६०मध्येही तेवढेच. नाव वाचून पैसे मोजले तरी चालायचं. आज डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०९०मध्ये २१,७६० गाभे आहेत आणि तिची विजेची भूक ५७५ वॉट आहे. त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये १०,४९६ गाभे, आणि वीज १५० वॉट, वर प्रसंगी आणखी २५. नाव तेच, ऐवज निम्म्याहून कमी.

एवढ्यावर भागत नाही. दोन लॅपटॉपांवर एकच स्टिकर असेल, तरी ते सारखे असतील असं नाही. आरटीएक्स ४०६०चंच घ्या. लॅपटॉप बनवणारी कंपनी या चिपला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज द्यायला मोकळी आहे. सडपातळ अंगाच्या लॅपटॉपमध्ये ती अर्धपोटी असते, जाडजूड लॅपटॉपमध्ये भरपेट जेवते. हा वॉटचा आकडा सांगायचं २०२१पासून एनव्हिडियाने कंपन्यांवर घातलं आहे. पण तो संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो, स्टिकरवर नसतो. माझ्या मते मोठा लॅपटॉप घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: ग्राफिक्सला वॉट किती?

यामागचं भौतिकशास्त्र सरळ आहे. चिपमधले कोट्यवधी ट्रान्झिस्टर दर ठोक्याला चालू-बंद होतात. त्यात खर्च होणारी वीज ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही मिळून विजेचा खर्च ढोबळमानाने वेगाच्या घनाइतका चढतो. म्हणजे वीज दुप्पट केली, तर वेग जेमतेम पाव हिश्शाने वाढणार. म्हणून अर्धपोटी चिपला थोडी जादा वीज मिळाली की ती खूप सुधारते, पण वरच्या टोकाला तीस-चाळीस वॉट ओतूनही हाती फारसं लागत नाही. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही त्याच बेताने उतरायचं आणि उष्णता आटोक्यात राहायची. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली हा नियम मांडला होता. २००५-०६च्या सुमारास तो मोडला, आणि तेव्हापासून चिप बनवणाऱ्यांच्या मागे उष्णतेचा ससेमिरा लागला आहे.

शिरलेली वीज शेवटी उष्णताच होते. जोरात गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून दोनशे वॉट सहज खातात, म्हणजे जवळपास तीन छतपंख्यांची वीज अडीच-तीन सेंटिमीटर जाडीच्या डब्यात. ती बाहेर काढतं कोण? तळाचं झाकण उघडलं की चपट्या तांब्याच्या नळ्या दिसतात. त्या भरीव वाटतात, पण आतून पोकळ असतात. आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो, हवा काढून टाकलेली असते आणि पाण्याचे थोडेसे थेंब असतात. दाब इतका कमी की पाणी चाळीस अंशांच्या आसपासही उकळतं. चिपच्या बाजूला वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन सच्छिद्र थरातून परत झिरपत येते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला सव्वाचार ज्यूल पुरतात, त्याची वाफ व्हायला मात्र सुमारे २,४०० ज्यूल लागतात. त्यामुळे दीडशे वॉटची उष्णता वाहून न्यायला दर सेकंदाला ग्रॅमच्या सोळाव्या हिश्शाएवढं पाणी फिरलं तरी काम होतं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी विकसित केली ती अंतराळयानांच्या उपयोगासाठी.

नळीचं काम मात्र उष्णता पंख्यापर्यंत आणून सोडण्यापुरतंच. पुढचं काम हवेचं. दोनशे वॉट बाहेर टाकायचे आणि हवा पंचवीस अंशांनी तापू द्यायची, तर दर सेकंदाला साडेसहा लिटरच्या आसपास हवा आत-बाहेर व्हायला हवी. लहान पंखे ती किंचाळत ओढतात, मोठे पंखे निवांत. सतरा-अठरा इंची लॅपटॉपचा खरा फायदा मला इथे दिसतो. पडदा मोठा म्हणून अंग मोठं, आणि अंग मोठं म्हणून पंख्यांना, उष्णता हवेत सोडणाऱ्या पत्र्यांना जागा.

बाहेरची हवाच तापलेली असेल तर? चाचण्या सहसा बावीस-तेवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. ग्राफिक्स चिपला ८७ अंशांपर्यंत चढू दिलं, तर खोली आणि चिप यांत तिथे ६५ अंशांचं अंतर पडतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी खोलीतच चाळीस अंश असले, तर हे अंतर ४७वर येतं. उष्णता बाहेर जाण्याचा वेग या अंतराच्या प्रमाणात असतो, म्हणजे सरळ पाव हिश्शाहून जास्त घट. युट्यूबवर पाहिलेला फ्रेमरेट विदर्भात मिळत नाही म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आणि लॅपटॉप गादीवर ठेवणाऱ्यांनी तर हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजावं. हवा तळातून आत जाते.

आता पडदा. जुना १७.३ इंची लॅपटॉप असलेल्यांना नवीन १६ इंची पाहून ‘छोटा झाला’ असं वाटतं. जरा मोजून पाहा. जुने पडदे १६:९ प्रमाणाचे, नवे बहुतेक १६:१०चे. १७.३ इंची जुन्या पडद्याची उंची साडेएकवीस सेंटिमीटर, आणि १६ इंची नव्याचीही तेवढीच! रुंदी तेवढी सुमारे पावणेचार सेंटिमीटरनी घटते. १८ इंचीत जुनी रुंदी जवळपास तशीच राहून उंची २.७ सेंटिमीटर वाढते. एडिटिंगची टाइमलाइन आडवी पसरते, तिला रुंदी हवी. वरखाली सात-आठ ट्रॅक असतील तर उंचीही हवी. रोज आठ तास टाइमलाइनसमोर बसणाऱ्याने अठरा इंची घ्यावा, फक्त पाठीवरच्या सॅकचा विचार आधी करावा. अडॅप्टर धरून वजन चार किलोच्या पुढे जातं.

रिफ्रेश रेटचा फार गाजावाजा होतो. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १६५ला सहा, २४०ला सव्वाचार. पहिली उडी डोळ्यांना चटकन कळते, दुसरी ज्याची त्यालाच ठाऊक. एडिटिंगवाल्याने त्यापेक्षा रंग विचारावेत. ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेला पडदा एसआरजीबी या वेब-मोबाइलच्या प्रमाणित रंगपट्ट्यातले तिसऱ्या हिश्शाइतके रंग दाखवतच नाही. अशा पडद्यावर हळदीचा पिवळा फिका वाटतो, म्हणून एडिटर तो वाढवतो, आणि नवरी मोबाइलवर बघते तेव्हा अख्खं घर कावीळ झाल्यासारखं दिसतं. एसआरजीबी शंभर टक्के, ही किमान अट.

व्हिडिओची सर्वांत मोठी गोम मात्र कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये असते. एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक चित्र पूर्ण असतं, बाकीच्यांत नुसता फरक. टाइमलाइनवर कर्सर मागे ओढला की संगणकाला आधीच्या पूर्ण चित्रापासून पुन्हा जुळवणी करावी लागते. त्यात रंगांचा मामला आणखी वेगळा. डोळ्याला उजेडातला बारकावा जास्त दिसतो, रंगातला कमी, म्हणून मोबाइलची फाइल चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवते. याला ४:२:० म्हणतात. सोनी, कॅनॉनचे आजचे अनेक कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये दोन पिक्सेलमागे एक नोंद ठेवतात. शालूच्या किनारीवर किंवा हिरव्या पडद्यापुढच्या केसांवर हा फरक दिसतो.

हे ४:२:२ उलगडण्याची सोय आरटीएक्स ४०-मालिकेपर्यंत एनव्हिडियाच्या चिपमध्ये नव्हती. ती ५०-मालिकेत आली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये मात्र एच.२६५च्या फाइलींसाठी ती होती. त्यामुळे महागड्या ग्राफिक्सचा लॅपटॉप अडखळतोय आणि साधा इंटेलवाला तीच क्लिप सुरळीत चालवतोय, असा चमत्कार एडिटर मंडळींनी पाहिलेला आहे. जुन्या साठ्यातला ४०-मालिकेचा लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल, तर त्यात इंटेल आहे का, हे बघून घ्यावं. फक्त मोबाइलचं फुटेज कापणाऱ्याला ही चिंता नाही.

ग्राफिक्सची स्वतःची मेमरीही तपासावी. लॅपटॉपच्या ५०६० आणि ५०७० या दोन्हींत ती ८ जीबीच असते, ५०७० टीआयला १२ जीबी मिळते. ४के फुटेजवर नॉइज काढायची प्रक्रिया लावली की दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जीपीयू मेमरी फुल’चा निरोप येतो, तो या आठ जीबीमुळेच. ५०६०वरून नुसत्या ५०७०वर जायला जादा पैसे देण्यात एडिटरचा फायदा मला दिसत नाही. द्यायचेच तर टीआयला द्यावेत. रॅम ३२ जीबी हवी, आणि ती स्लॉटमध्ये बसणारी हवी, बोर्डावर जोडून टाकलेली नको. डेटा सेंटरांच्या मागणीने २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. आज १६वर भागवून पुढे वाढवता येणं, हीदेखील बचतच.

बॅटरीची जाहिरात वाचूच नका. शंभर वॉट-तासांवरची बॅटरी विमानात न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून मोठ्यातला मोठा लॅपटॉपही नव्व्याण्णववर थांबतो. दोनशे वॉट खाणाऱ्या यंत्राला ती अर्धा तासच पुरेल, म्हणून प्लग काढताच लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतो.

दुकानात वॉटचा आकडा कुणी सांगेना, तर खोक्यातला अडॅप्टर मागा. त्याच्या पाठीवर आउटपुट लिहिलेलं असतं. २० व्होल्ट, ८.५ अँपिअर म्हणजे १७० वॉट. ११.५ अँपिअर असेल तर २३०. १६.५ असेल तर ३३०. अडॅप्टर १७० वॉटचा असेल, तर प्रोसेसर, पडदा आणि पंखे यांचं भागवून ग्राफिक्सला दीडशे वॉट काही उरत नाहीत, मग स्टिकर कितीही मोठा असो. घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत, भर दुपारी एसी बंद ठेवून अर्धा तास गेम किंवा एक्स्पोर्ट सलग चालवा. पहिली पाच मिनिटं सगळेच लॅपटॉप पळतात. आणि ज्यांचा जुना लॅपटॉप वर्षातून एक-दोनदाच टेबलावरून हलला असेल, त्यांनी तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप घ्यावा.