बेल हुक्स : वर्गखोलीतील स्त्रीवाद

कृष्णवर्णीय स्त्रीवादाच्या विवेचनात बेल हुक्स यांचा उल्लेख बहुधा ग्रंथकर्त्या म्हणून होतो. त्यांच्या विचारांचे मूळ मात्र त्यांच्या बालपणीच्या शाळेत शोधावे लागते.

ग्लोरिया जीन वॉटकिन्स हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात हॉपकिन्सव्हिल येथे एका श्रमिक कुटुंबात झाला. त्या काळी तेथील शाळा वर्णभेदानुसार वेगळ्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या शाळेत शिकविणाऱ्या बहुतेक जणी कृष्णवर्णीय स्त्रियाच होत्या. मुलांचे आईवडील, घर आणि चर्च त्यांच्या परिचयाचे असे. विद्यार्जन हाच वर्णवर्चस्वाचा प्रतिकार, या निष्ठेने त्या शिकवीत. पुढे शाळांचे एकत्रीकरण झाले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला हा हक्क निःसंशय न्याय्य होता. तथापि गोऱ्या शिक्षकांच्या वर्गात आज्ञाधारकपणालाच महत्त्व आले आणि ज्ञान म्हणजे निव्वळ माहिती उरली, असा हुक्स यांचा अनुभव आहे. गोऱ्यांच्या शाळेचे दार उघडले, पण आपल्या शिक्षिका दुरावल्या.

स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ‘एन्ट आय अ वुमन’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘स्त्री’ म्हटले की गोरी स्त्री आणि ‘कृष्णवर्णीय’ म्हटले की पुरुष डोळ्यांसमोर येतो. मग कृष्णवर्णीय स्त्रीचे दुःख कोणत्या चळवळीने आपले मानावयाचे, हा त्यातील कळीचा प्रश्न होय. सामान्य वाचक बिचकू नये म्हणून त्यांनी त्यात तळटीपा दिल्या नाहीत. विद्यापीठीय शिस्तीत हे धाडसच! पणजीकडून घेतलेले टोपणनाव त्या इंग्रजीत लहान अक्षरांतच लिहीत. लेखिकेपेक्षा लेखनाकडे लक्ष जावे, हा त्यामागील हेतू. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्यामुळे मराठी वाचकास ही खूण दिसत नाही.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पण हा प्रभाव अंधभक्तीचा नव्हता. फ्रेअरी यांच्या लेखनातील पुरुषकेंद्री दृष्टीविषयी त्यांनी सांताक्रूझ येथे त्यांनाच भर सभेत प्रश्न विचारला. उपस्थितांपैकी काहींनी त्यांना गप्प करू पाहिले. फ्रेअरी यांनी मात्र प्रश्न महत्त्वाचा मानून उत्तर दिले. शिक्षकाने स्वतःस प्रश्नांपुढे उघडे ठेवावे, ही ‘टीचिंग टू ट्रान्सग्रेस’ (१९९४) या ग्रंथातील भूमिका या प्रसंगाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. वर्गातील प्रत्येकाचा आवाज ऐकला जावा, असा त्यांचा आग्रह होता. मात्र त्यासाठी वर्ग सदैव सुखावह असलाच पाहिजे, असे त्यांनी मानले नाही.

येल, ओबर्लिन व न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अध्यापन केल्यानंतर २००४ मध्ये त्या केंटकीतील बेरिया महाविद्यालयात आल्या. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत दोन्ही वर्णांचे विद्यार्थी एकत्र शिकत, म्हणूनच १९०४ मध्ये राज्याने तसे शिक्षण बेकायदा ठरविले होते. नामांकित विद्यापीठे सोडून अशा ठिकाणी, शिक्षणशुल्क न आकारणाऱ्या महाविद्यालयात, त्या अखेरपर्यंत राहिल्या. १५ डिसेंबर २०२१ रोजी बेरिया येथेच त्यांचे निधन झाले.