नांदी किती लांब असावी?

अल्ट्रा-वाइडबँड रेडिओचा संदेश सलग लहरीवरून जात नाही. जेमतेम 2 नॅनोसेकंद टिकणाऱ्या पल्सवरून जातो. 2019 पासून काही मोबाइल फोनमध्येही हे तंत्र आले. त्याची शक्ती फार क्षीण असते: अमेरिकेने 2002 मध्ये घातलेल्या मर्यादेनुसार 500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरासरी सुमारे 0.037 मिलिवॅट. एवढी पुसट पल्स नेमकी कोणत्या क्षणी येते, हे ग्राहकयंत्राला आधी हुडकावे लागते.

त्यासाठी प्रत्येक पॅकेटच्या आरंभी एक ठरावीक पल्समालिका पुन्हा पुन्हा पाठवतात. ही प्रीअँबल म्हणजे पॅकेटची नांदी. तिच्यात माहितीचा एकही बिट नसतो. 2007 च्या आयईईई 802.15.4ए मानकात तिच्या 16, 64, 1024 किंवा 4096 आवृत्त्यांची सोय आहे. एका आवृत्तीला साधारण 1 मायक्रोसेकंद लागतो.

खरा हिशेब इथे आहे. सेकंदाला 6.81 मेगाबिट वेगाने 127 बाइटांची माहिती सुमारे 155 मायक्रोसेकंदांत जाते. 64 आवृत्त्या आणि शीर्षक धरून पॅकेटला 250 मायक्रोसेकंद लागतात. प्रत्यक्ष थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला खरोखर पोचणारी माहिती, 4 मेगाबिटांवर येते. 1024 आवृत्त्यांना ते 0.83 मेगाबिट उरते, 4096 ला अवघे 0.23. कागदावरचा वेग तिन्ही वेळा तोच!

मग नांदी आखूड का ठेवू नये? भिलाई पोलाद कारखान्यासारख्या जागेचा विचार केला की उत्तर मिळते. तिथल्या मिलमध्ये 130 मीटर लांबीचा अखंड रूळ लाटला जातो. चहूकडे लोखंडच लोखंड. 130 मीटरचा जादा वळसा घेतलेला प्रतिध्वनी सुमारे 430 नॅनोसेकंद उशिरा येतो, म्हणजे दोनशेहून अधिक पल्सच्या अंतराने. अशा गदारोळात थेट आलेली पल्स ओळखायला आवृत्त्यांची बेरीज लागते. ती अपुरी पडली, तर पॅकेटच हुकते आणि पुन्हा पाठवावे लागते.

पण लांबी वाढवण्यालाही मर्यादा आहे. मानकानुसार दोन्ही यंत्रांची घड्याळे मिळून दशलक्षात 40 भागांपर्यंत चुकू शकतात. 4096 आवृत्त्यांच्या काळात हा फरक सुमारे 165 नॅनोसेकंद होतो, म्हणून ग्राहकयंत्राला वेळ सतत सावरून घ्यावी लागते.

लांब नांदीने घटलेले थ्रूपुट भरून काढायला पॅकेट मोठे करणे हा एक मार्ग. डीडब्ल्यू1000 ही अल्ट्रा-वाइडबँड चिप 1,023 बाइटांपर्यंत वाहते; 1024 आवृत्त्यांसहही थ्रूपुट 3.6 मेगाबिटांवर जाते. मात्र कामगाराच्या बिल्ल्यातून स्थान कळवणारा संदेश डझनभर बाइटांचाच असतो. तिथे 64 आवृत्त्यांनी जेवढ्या वेळात दहाएक बिल्ल्यांचे संदेश जातात, तेवढा वेळ 1024 आवृत्त्यांच्या एकाच संदेशाला लागतो. म्हणून मोकळ्या आवारातल्या बिल्ल्यांना आखूड आणि क्रेनआडच्यांना लांब नांदी देणे हीच शहाणी मांडणी.