पाचशे साठ मैलांची कसर

मागच्या डिसेंबरची २९ तारीख. दुपारी गिऱ्हाईक कमी असते म्हणून आम्ही भिवंडीच्या गाळ्यात वर्षाची खाती उघडून बसलो होतो. धाकट्याने मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "अब्बा, चांदी होता होता राहिली." आम्हाला वाटले, सराफाच्या भावाचे काही बोलतो आहे. पण ही चांदी वेगळी होती. ज्या विमान कंपनीने आम्ही वर्षभर माल पाहायला आणि विकायला फिरलो, तिच्या नियमित प्रवाशांच्या योजनेत चांदीचा दर्जा मिळवायला वर्षात २५,००० मैल लागतात. आमच्या नावावर २४,४४० जमा होते. कमी पडले ५६०, आणि वर्ष संपायला उरले होते दोन दिवस.

कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. आमचे भांडण नावाशी नाही, हिशेबाशी आहे. आणि असा हिशेब आज आपल्या अनेक व्यापारी बांधवांच्या वाट्याला येतो. सोलापूरचे टॉवेलवाले, मालेगावचे साडीवाले, धारावीचे चामड्याच्या बॅगा करणारे कारागीर, सगळेच आता नमुन्यांची पेटी घेऊन परदेशी जातात. तिकीट एजंट काढतो, मैलांचे कार्ड पाकिटात पडून राहते, आणि त्यात काय जमले हे कोणी पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो.

प्रथम ही तिजारत काय आहे ते सांगतो. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने पहिली मोठी मैल-योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने आपली काढली. आपल्याकडे एअर इंडियाची योजना १९९० च्या दशकात आली. यात मैल दोन प्रकारचे असतात. एक खर्चाचे, ते साठवून पुढे फुकट तिकीट घेता येते. दुसरे दर्जाचे, त्यांचे काही विकत मिळत नाही, ते फक्त मोजले जातात. ठरलेला आकडा गाठला तर वर्षभर चांदी किंवा सोने, म्हणजे वेगळी रांग, जादा वजन, कुठे विश्रामकक्ष. न गाठला तर हिशेबाच्या अखेरच्या दिवशी काटा पुन्हा शून्यावर. मागची बाकी पुढे ओढणे बहुतेक ठिकाणी नाही. पहिली पायरी २५,००० वर ठेवायची, असा कितीतरी कंपन्यांचा वर्षानुवर्षे प्रघात होता.

विश्रामकक्षातल्या चहा-बिस्किटांची आम्हाला हौस नाही. आमचा जीव अडकला होता वजनात. कापडाचा व्यापारी कपडे घेऊन जात नाही, कापड घेऊन जातो. दुपट्ट्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे हँगर, रंगांची कार्डे, दोन-तीन मीटरचे तुकडे, येताना तिकडच्या बाजाराचे नमुने. मागच्या वर्षी एका फेरीत ९ किलो जादा भरले आणि काउंटरवर आम्ही ११,००० रुपये मोजले. चांदीच्या कार्डावर १० किलो मोफत होते. वर्षात चार फेऱ्या धरल्या तर हा आकडा लहान नाही.

आता कमी कसे पडले ते पाहा. आमच्या फेऱ्या चार. कॅन्टन फेअर ग्वांगझूला वर्षातून दोनदा भरते, वसंतात आणि शरदात, आणि कापडाचा भाग शेवटच्या टप्प्यात असतो. तिथून पुढे शाओशिंगजवळच्या कछ्याओच्या कापड बाजारात जाणे आम्ही चुकवत नाही. ज्याने तो बाजार पाहिला नाही, त्याने जगात किती कापड विणले जाते याचा अंदाज करू नये. पण तो पुढचा प्रवास रेल्वेचा. विमानाचे एका वेळचे जाऊन-येऊन ८,१०० मैल, दोन्ही वेळचे मिळून १६,२००. जकार्ताला तनाह आबांगच्या बाजारात दुपट्टे दाखवायला गेलो, त्याचे ६,०००. बँकॉकचे ३,७४०. एकूण उड्डाण झाले २५,९४० मैलांचे. म्हणजे आकडा पार!

मग २४,४४० कसे? धाकट्याने एकेक ओळ तपासली. जकार्ताहून परतीच्या ३,००० मैलांपैकी कंपनीने धरले फक्त १,५००. त्या तिकिटावर भाड्याच्या वर्गाचे एक इंग्रजी अक्षर छापलेले होते. खुर्ची तीच, जेवण तेच, विमान तेच, पण त्या अक्षराचे भाडे सर्वांत स्वस्त, म्हणून मैल निम्मे. एजंटला आम्हीच सांगितले होते की जे स्वस्त असेल ते काढ. त्याने बिचाऱ्याने २,१०० रुपये वाचवून दिले होते. ते २,१०० वाचवल्याचा आम्हाला त्या दिवशी आनंदही झाला होता.

ही अक्षरे प्रत्येक कंपनीची निराळी असतात आणि त्यांचा तक्ता कंपनी उघडपणे लावते. काही अक्षरांवर पूर्ण मैल, काहींवर निम्मे किंवा पाव, काहींवर काहीच नाही. ग्रुपच्या भाड्याचे तिकीट असेल, जसे उमराहला जाणाऱ्या काफिल्यांचे असते, तर त्यावर अनेकदा मैल मिळत नाहीत किंवा फार थोडे मिळतात. तिकीट हातात आल्यावर तक्ता पाहून उपयोग नाही, काढण्याआधी पाहावा.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना विशेष नडते, ती नावाची. पासपोर्टवर मोहम्मद पूर्ण लिहिलेले, तिकिटावर एजंटने आखूड करून मोहद केलेले, आणि कार्डावर फक्त शेख. यंत्राला हे तीन माणसे वाटतात. तीन वर्षांपूर्वी आमची एक पूर्ण फेरी अशीच खात्यात चढली नव्हती. बोर्डिंग पासचे तुकडे आम्ही ठेवले होते म्हणून मागाहून मागता आली, तीही मुदतीच्या आत होतो म्हणून. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे, त्यांनी तर कार्ड काढतानाच हे निस्तरून घ्यावे.

असो. २९ तारखेची गोष्ट अपुरी राहिली. एजंटला फोन केला. तो म्हणाला, "शेठ, सोपे आहे. उद्या रात्री जा, परवा परत या. विमानतळाबाहेर पडूच नका. मैल पूर्ण." भाडे विचारले तर ३४,००० रुपये. आम्हाला ही थट्टा वाटली, पण थट्टा नव्हती. वर्षअखेरीस केवळ आकडा भरण्यासाठी विमानात बसणारे लोक जगात पुष्कळ आहेत आणि अमेरिकेत तर या फेरीला स्वतंत्र नावच आहे, मायलेज रन. तिकडे १९९९ साली एका इंजिनिअरने पुडिंगच्या डब्यांवर मैल मिळतात हे पाहून १२,१५० डबे विकत घेतले आणि बारा लाखांवर मैल जमवले. डबे त्याने दान केले. हिशेबाचा पक्का माणूस!

आम्हीही कागद घेतला. धाकट्याचे म्हणणे, पुढच्या वर्षी चार फेऱ्या, प्रत्येकी दहा किलो, म्हणजे चाळीस हजारांचे वजन फुकट, मग चौतीस हजार घालायला हरकत काय? वरवर पाहता त्याचे बरोबर होते. पण चार फेऱ्या होतीलच असे कोणी लिहून दिले होते? जकार्ताचा व्यापारी मागचे पैसे थकवून बसला होता. आणि दर वेळी पूर्ण दहा किलो जादा भरते असेही नाही; मागच्या चारपैकी दोनच वेळा भरले होते. खरा फायदा वीस-बावीस हजारांचा. शिवाय चौतीस हजार म्हणजे आमच्या लूमवरच्या दोन कारागिरांचा महिन्याचा पगार, आणि त्या आठवड्यात सुताच्या व्यापाऱ्याची हुंडीही भरायची होती. तरीसुद्धा कबूल करतो की रात्री अकरापर्यंत आमचे मन जाण्याकडे होते. फायद्यासाठी नव्हे. २४,४४० हा आकडा डोळ्यांपुढून हटत नव्हता. तो १८,००० असता तर आम्ही त्याच्याकडे पाहिलेही नसते.

गेलो नाही. सकाळी सुताचे पैसे भरले आणि कंपनीला एक अर्ज पाठवला. लिहिले की आम्ही प्रत्यक्ष उडालो २५,९४० मैल, कमी पडले ५६०, म्हणजे सव्वादोन टक्के. आमच्या बाजारात शंभर मीटरच्या ताग्यात दोन मीटर कमी भरले तर माल परत येत नाही, घट धरून भाव चुकता होतो. आपल्याकडेही अशी गुंजाईश असावी. आठ दिवसांनी उत्तर आले: नियमानुसार शक्य नाही, आपल्या निष्ठेबद्दल आभार. बस्स.

रागाच्या भरात आम्ही या कंपन्यांच्या कारभाराविषयी बरेच वाचले, आणि राग थोडा उतरला. कारण कळले की ही मैलांची दुकाने विमानांपेक्षा पक्की आहेत. बँका क्रेडिट कार्डवाल्यांना वाटण्यासाठी मैल घाऊक विकत घेतात, तो पैसा रोख येतो. २०२० मध्ये विमाने जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेडने आपली मैल-योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, आणि २०२१ मध्ये अमेरिकनने आपल्या योजनेवर १,००० कोटी. आपण ज्याला गुडविल म्हणतो आणि ज्यावर बँक आपल्याला छदाम देत नाही, तेच त्यांनी गहाण टाकले. उलट जेट एअरवेजचे पाहा. १७ एप्रिल २०१९ ला तिचे शेवटचे विमान उडाले. मैलांची कंपनी वेगळी होती म्हणून लोकांचे मैल दुसऱ्या नावाने टिकले, पण वर्षानुवर्षे फिरून मिळवलेल्या प्लॅटिनम कार्डावर बसायला विमान राहिले नाही.

आता तर मैलांचे मोजमापच मागे पडत चालले आहे. डेल्टाने २०२४ पासून दर्जासाठी फक्त खर्च केलेले डॉलर धरले. आधी आकडे इतके चढे ठेवले होते की गिऱ्हाइकांनी गदारोळ केला आणि कंपनीला ते काही उतरवावे लागले. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून पौंडांचा हिशेब लावला. एअर इंडियानेही २०२४ मध्ये अंतर सोडून खर्चावर गुण देणे सुरू केले. अर्थ असा की लांबचे स्वस्त तिकीट काढून फिरणारा आपल्यासारखा व्यापारी पुढे आणखी मागे पडणार, आणि जवळचे महाग तिकीट काढणारा साहेब पुढे जाणार. कंपनीच्या बाजूने पाहिले तर चूक नाही; नफा देणाऱ्याला मान. पण मग निष्ठा हा शब्द पत्रात कशाला?

हे सगळे आम्ही दुकानात तावातावाने सांगत होतो. मुनीमजी ऐकत होते. वीस वर्षे आमच्याकडे आहेत, बोलतात कमी. ते म्हणाले, "शेठ, धुळ्याचे खाते काढू का?"

वाचकहो, आमच्या पेढीवरही योजना आहे. वर्षात १० लाखांची खरेदी करणाऱ्या दुकानदाराला २ टक्के कसर. धुळ्याचे एक जुने गिऱ्हाईक मागच्या मार्चला ९,७८,००० वर थांबले होते. २२,००० कमी, म्हणजे तेही सव्वादोन टक्केच. त्यांनी फोन करून विचारले होते. लग्नसराईत आमच्याकडूनच एक गठडी उशिरा निघाली, ती एप्रिलच्या बिलात गेली, नाहीतर आकडा पुरा झाला असता. आम्ही काय उत्तर दिले होते ते आम्हाला आठवत नव्हते. मुनीमजींना आठवत होते. "नियम म्हणजे नियम," असे आम्ही म्हणालो होतो. वर हसलोही होतो म्हणे.

त्यानंतर त्या खात्यात दोन छोटी बिले आहेत, पावसाळ्यानंतर काहीच नाही. आणि दिवाळीला बाजार मंद आहे असे आम्ही सगळ्यांना सांगत फिरत होतो.

१९,५६० रुपयांची क्रेडिट नोट काढली. सीएने सांगितले की जुन्या बिलांवर जीएसटी कमी करण्याच्या भानगडीत पडू नका, कराला हात न लावता नुसती रकमेची नोट द्या, तशी देता येते. योजनाही बदलली. आता ८ लाखांपासून १ टक्का, ९ पासून दीड, १० ला दोन. शिवाय फेब्रुवारीच्या अखेरीस मुनीमजी प्रत्येकाला फोन करून सांगतील की तुमचे इतके झाले, इतके राहिले, आणि आमच्याकडून उशिरा निघालेला माल ऑर्डरच्या तारखेने धरला जाईल. धाकट्याने यावर आक्षेप घेतला की सगळेच खालच्या पायरीवर समाधान मानतील आणि खरेदी वाढणार नाही. तसे होऊही शकेल. मार्चनंतर आकडे पाहू.

धुळ्याला आम्ही स्वतः फोन केला. त्यांनी नोट मिळाल्याचे सांगितले, घरच्यांची चौकशी केली, सलाम-दुआ झाली. मालाचे विचारले तेव्हा म्हणाले की सध्या सुरतेहून घेतो आहे, तिथला माणूस दर महिन्याला येऊन जातो. दर विचारला, तो मात्र सांगितला नाही.